तळ हलण्यापूर्वी : मेंढ्यांच्या कानातील टॅग आणि नवजात कोकरांची निगा

आषाढातल्या पावसावर माळ हिरवा झाला की मेंढ्या माजावर येतात आणि साधारण १४७ ते १५० दिवसांच्या गाभणकाळानंतर, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, विण्याचा मुख्य हंगाम सुरू होतो. माण, खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ या पट्ट्यात नेमके याच दिवसांत चराईसाठी बाहेर पडण्याची तयारीही चालू असते. कोणी कृष्णा-वारणेच्या काठी कराड-वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात जातात, तर कोणी घाट उतरून कोकणात. गाव सोडण्यापूर्वीच्या या पंधरा-वीस दिवसांत मोठ्या मेंढ्यांचे टॅग पूर्ण करणे आणि जन्मणाऱ्या कोकरांची नोंद पहिल्या दिवसापासून आईच्या नंबराशी जोडून ठेवणे, ही दोन कामे एकत्र विचारात घ्यावीत, असा आग्रह या सल्ल्यातून करावयाचा आहे. वीस-पंचवीस मेंढ्या असणाऱ्या लहान पाळणाऱ्याला तर एक मेंढी नोंदीबाहेर राहणेही परवडत नाही.

नियम काय सांगतो, ते आधी पाहू. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण यासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे आणि केंद्र शासनाच्या भारत पशुधन या ऑनलाइन प्रणालीवर प्रत्येक जनावराची नोंद बारा अंकी क्रमांकाने केली जाते. तो क्रमांक असलेला पिवळा टॅग, म्हणजे आपल्याकडे ज्याला बिल्ला म्हणतात तो, जनावराच्या कानात मारला जातो. राज्य शासनाने १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावरांना शासकीय पशुवैद्यकीय संस्थांमधून सेवा देय नसल्याचे आणि बाजार समित्या, आठवडी बाजार व गावोगावच्या खरेदी-विक्रीतही टॅगशिवाय व्यवहार करता येणार नसल्याचे जाहीर केले. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यांत दगावलेल्या जनावराला टॅग नसेल, तर नुकसानभरपाईही देय होत नाही. मेंढपाळाच्या दृष्टीने शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण लांडग्याचा हल्ला किंवा वळिवाची वीज ही संकटे बहुधा गावापासून दूर, ओळखपाळख नसलेल्या शिवारात येतात आणि तिथे त्या मेंढीची मालकी सांगणारा कानातल्या क्रमांकाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. लांडगा किंवा बिबट्याने मेंढी मारल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला कळवावे, पंचनामा होईपर्यंत मृत मेंढी जागेवरून हलवू नये आणि तिच्या कानातील टॅग तसाच राहू द्यावा.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. एका वाड्यात, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, तीन-चार घरांची मेंढरे एकत्र चरतात, रात्री एकाच वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसतात, आणि टॅग मारण्यासाठी कर्मचारी आले की हजर असलेल्या एकाच माणसाच्या आधार कार्डावर व मोबाइलवर सगळे कळप नोंदवून काम उरकले जाते. त्या दिवशी ते सोयीचे वाटते. पुढे मेंढी विकताना किंवा भरपाईचा अर्ज करताना मात्र कागदावरचा मालक एक आणि खरा मालक दुसरा, असा पेच निर्माण होतो आणि भावाभावांत कटुता येते. म्हणून प्रत्येक घराची मेंढरे त्या-त्या घराच्या नावावरच नोंदवावीत. मेंढ्या वाट्याने राखायला दिल्या असतील, तर नोंद कोणाच्या नावावर राहील हे टॅग मारण्याच्या दिवशीच दोघांनी मिळून ठरवावे. नोंदीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक सहसा न बदलणारा असावा. घरातल्या मुलाचे सिम दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर तो क्रमांक देऊ नये.

टॅग मारण्याच्या वेळेबाबतही विचार हवा. विण्यास तीन-चार आठवडे उरलेल्या जड गाभण मेंढीला पळवून, पाडून, पाय धरून टॅग मारणे टाळावे, कारण झटापटीत गाभडण्याचा धोका असतो. अशा मेंढ्या बाजूला काढून त्यांची संख्या दवाखान्यात कळवावी आणि त्या व्यायल्यानंतर पंधरवड्याने टॅग मारून घ्यावा. बाकीच्या मेंढ्यांचे काम सकाळी, उन्हे तापण्यापूर्वी आणि मेंढ्या चरून पोट भरण्याआधी उरकणे बरे. टॅगची जागा कानाच्या मधल्या भागात, कूर्चेच्या दोन उभ्या उंचवट्यांच्या मधल्या सपाट पट्टीत असावी. कान उजेडाकडे धरून पाहिला की शिरा स्पष्ट दिसतात. त्या चुकवून जागा निवडावी, ती आयोडीनने पुसावी आणि पक्कड एकदाच, ठामपणे दाबावी. खिळीचे टोक पलीकडच्या भागात पूर्ण बसल्याचा आवाज येतो. त्यानंतर टॅग बोटाने फिरवून पाहावा. तो सैलपणे फिरला पाहिजे. कानाच्या टोकाकडे मारलेला टॅग वाघुरीच्या जाळ्यात किंवा वेड्या बाभळीच्या फांदीत अडकतो आणि मेंढी हिसका देऊन कान फाडून घेते. माझ्या पाहण्यातील फाटलेले बहुतेक कान असेच टोकाला टॅग मारलेले होते. पक्कड प्रत्येक मेंढीनंतर औषधी द्रावणात बुडवून घेण्याचा आग्रह धरावा, कारण एका कानाचे रक्त दुसऱ्या कानाला लागणे म्हणजे रोगाला वाट करून देणे होय.

पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी वाघुरीत मेंढ्या घेताना कानाकडे नजर टाकावी. किंचित सूज साहजिक आहे, परंतु कान गरम लागणे, पू येणे, घाण वास येणे किंवा मेंढी सतत डोके झटकत राहणे ही जखम चिघळल्याची लक्षणे आहेत. अशी जखम स्वच्छ करून पशुवैद्यकाने दिलेले औषध लावावे, आणि अळ्या पडल्या असतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टॅग पडून हरवला, तर दुसऱ्या मेलेल्या किंवा विकलेल्या मेंढीचा टॅग काढून तिथे बसवू नये. नवीन टॅग मारून जुना क्रमांक नव्याशी जोडून घ्यावा लागतो. त्यासाठी जुना क्रमांक आपल्याकडे लिहिलेला असणे आवश्यक आहे. पूर्ण बारा अंक वहीत एकदा लिहून ठेवावेत आणि रोजच्या वापरासाठी शेवटचे चार अंक पुरतात. मेंढी विकली, मेली किंवा नवी आणली की त्याची नोंदही प्रणालीवर बदलून घ्यावी.

आता कोकरांकडे वळू. व्यायला टेकलेल्या मेंढीच्या कासेभोवतीची आणि शेपटीखालची घाण लागलेली लोकर आधीच कातरून घ्यावी, म्हणजे कोकराच्या तोंडात सडाऐवजी लोकरीचा गुंता येणार नाही. कोकरू बाहेर येताच नाकातोंडातील चिकट स्राव पुसून त्याला आईच्या तोंडासमोर ठेवावे. आई चाटते तेव्हा अंग कोरडे होते, रक्ताभिसरण वाढते आणि तिला आपल्या पिलाचा वास ठरतो. म्हणून गोणपाटाने पुसण्याची घाई आईने चाटायचे नाकारले तरच करावी. नाळ पोटापासून सुमारे एक इंचावर निर्जंतुक दोऱ्याने बांधून, त्याच्या खाली स्वच्छ कात्रीने कापावी आणि उरलेला तुकडा टिंक्चर आयोडीनच्या छोट्या भांड्यात पूर्ण बुडवावा. नुसता कापसाचा बोळा फिरवल्याने औषध सगळीकडे पोहोचत नाही. शेण, राख किंवा चुलीतली माती नाळेला लावण्याची जुनी सवय मात्र पूर्ण सोडून द्यावी, कारण नाळेच्या सुजेचे, सांधे धरण्याचे आणि धनुर्वाताचे मूळ तिथेच असते.

चिकाबद्दल जितके सांगावे तितके कमीच आहे. मेंढीच्या वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या वेष्टनातून, रोगप्रतिकारक घटक गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे कोकरू जन्मते ते रोगांपुढे अगदी उघडे असते आणि त्याला मिळणारे सगळे संरक्षण चिकातूनच येते. ते घटक आतड्यातून रक्तात शोषून घेण्याची कोकराची क्षमता तासागणिक घटते आणि एका दिवसानंतर जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोटात गेला पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे तीन किलोच्या कोकराला ३०० मिलि चीक चार-पाच वेळा विभागून मिळावा. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते. दोन धारा काढून सड मोकळा करून द्यावा. आई मेली किंवा पान्हा सोडत नसेल, तर त्याच सुमारास व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक द्यावा. तो कोमट करण्यासाठी भांडे गरम पाण्यात ठेवावे, चुलीवर ठेवू नये. चीक तापवला की त्याचा खरवस होतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो घट्ट होतो तेव्हा कोकराला वाचवणारे प्रथिनच गोठून गेलेले असते. कोकरांचे पोट भरल्याशिवाय घरच्या खरवसासाठी चीक काढू नये, ही विनंती घरातल्या ज्येष्ठांनाही करावीशी वाटते.

मार्गशीर्षात दुष्काळी भागातील उघड्या माळावर पहाटेचा गारठा नवजात कोकराला पेलत नाही, कारण त्याच्या अंगातला चरबीचा साठा काही तासांतच संपतो. कोकरू कुबड काढून, कान पाडून एका जागी उभे असेल, तर त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड ऊबदार असेल आणि ते बोट चोखू लागले, तर भूक हेच कारण असते. तोंडच गार लागले, तर उशीर करून चालणार नाही. निरोगी कोकराचे तापमान १०२ ते १०३ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते आणि ते ९९ अंशांच्या खाली गेले की जीव धोक्यात असतो. अशा वेळी अंग कोरडे करून, कोरड्या घोंगडीत गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून दोन्ही कुशींना लावाव्यात. मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात दूध ओतण्याचा मोह अनावर होतो, पण त्याला गिळता येत नसल्याने ते दूध फुप्फुसात जाते आणि थंडीतून वाचू शकणारे कोकरू त्यानेच दगावते. जन्मून पाच-सहा तास उलटलेल्या अशा कोकराच्या रक्तातील साखर संपलेली असते, त्यामुळे त्याला ऊब देण्यापूर्वीच पशुवैद्यकाकडून ग्लुकोज मिळणे गरजेचे असते. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. रात्री कोकरे डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, ठेवत असाल, तर खाली कडब्याचा किंवा पाचटाचा जाड थर द्यावा आणि डालग्याला वाऱ्याच्या बाजूने पोते बांधावे, परंतु सगळीकडून हवा कोंडू नये; कोंदट जागेतील लघवीच्या वासाने न्युमोनिया लवकर होतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीतील जुळे देणारा जनुक दख्खनी जातीच्या मेंढीत आणून नारी सुवर्णा मेंढी तयार केली. त्या रक्ताच्या मेंढ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी जुळ्यांची तयारी आधीपासून ठेवावी. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, त्यामुळे या काळात चराईखेरीज रोज २५० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा. जुळ्यांपैकी लहान पिलाला दिवसातून तीनदा स्वतः धरून पाजावे. माडग्याळ जातीच्या मेंढीची कोकरे जन्मतः थोराड असल्याने पहिलटकरीण अडण्याची शक्यता लक्षात घेऊन तिला विण्याच्या दिवसांत कळपाबरोबर लांब पाठवू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोकरे कोवळा पाला कुरतडू लागतात. त्यांना फक्त त्यांनाच शिरता येईल अशा आडोशात शेवरी किंवा सुबाभळीचा पाला आणि थोडा भरडा ठेवावा. उसाच्या पट्ट्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि काढणी झालेल्या शिवारातील सांडलेले धान्य एकदम मिळाले की सर्वांत गुबगुबीत, सर्वांत जास्त पिणारी कोकरेच आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात जिवाणूंचे विष तयार होणाऱ्या रोगाने, रातोरात मरतात. त्यावर उपचाराला वेळ मिळत नाही. मेंढीला गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात आंत्रविषाराची लस दिलेली असेल, तर तिच्या चिकातून कोकराला सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण मिळते. त्यानंतर तीन-चार महिन्यांच्या वयात कोकराला स्वतःची मात्रा आणि पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची लसही याच वयात येते आणि एका मात्रेने सुमारे तीन वर्षे पुरते.

कोकराला टॅग मारायची वेळही हीच आहे. चार-आठ दिवसांच्या कोकराच्या पातळ कानात टॅगचे वजन घालणे मला योग्य वाटत नाही, आणि टॅग नसलेले कोकरू बाजारात उभे करता येत नाही, हेही विसरून चालत नाही. म्हणून मधल्या काळात कोकराच्या गळ्यात रंगीत दोरा सैल बांधावा आणि वहीत एका ओळीत जन्मतारीख, नर की मादी, एकटे की जुळे, नाळेला आयोडीन लावले का, आणि आईच्या टॅगचे शेवटचे चार अंक लिहावेत. मार्गशीर्षातले कोकरू चैत्रात चार महिन्यांचे होते आणि तेव्हा वाडा गावापासून दूर असतो. ज्या शिवारात तळ असेल तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि टॅग एकाच फेरीत करून देण्याची विनंती करावी आणि जाताना वहीचे ते पान बरोबर न्यावे.