तांब्याच्या नाण्यावरचा विचित्र रंग : घासण्याआधी काय पाहावं

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा रुमालात गुंडाळून एक नाणं घेऊन आला. १८६२ चा पाव आणा, व्हिक्टोरिया राणीचा. राणीचा गाल आणि मुकुट पांढरा चकचकीत, बाकी नाणं तपकिरी. "काका, टांकसाळीत चुकून चांदीवर छापलं असेल का?" डोळ्यांत लाखभर रुपये चमकत होते.

असं नाणं हाती आलं की पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर नकोच. घासलेलं तांबं गुलाबी-केशरी, उघडंबोडकं दिसतं आणि जुना तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही. संग्राहक अशा नाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आधी वजन. सोनारी काटा, दोन दशांशांचा. पाव आणा मुळात ६.४७ ग्रॅमचा, झिजून थोडा उतरतो. जवळपास त्याच आकाराच्या चांदीच्या अर्ध्या रुपयाचं वजन ५.८३ ग्रॅम. शेजाऱ्याचं नाणं ६.३८ भरलं, म्हणजे तांब्याचंच. (शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, ही युक्ती चालत नाही. हाताने पाडलेली नाणी, दोन शिवराई नाण्यांची वजनं क्वचितच जुळतात.)

मग भिंग आणि तिरका उजेड. दहापट भिंग पुरे. खिडकीशी बसा, नाणं कडेने धरून हळूहळू कलतं करा आणि एकच प्रश्न विचारा: रंग उंचवट्यावर आहे की खोलगटात?

पांढऱ्या रंगाचं कोडं इथेच सुटतं. मुलामा दिलेलं नाणं वापरात झिजतं तेव्हा उंच भागावर तांबं उघडं पडतं आणि पांढरेपणा अक्षरांच्या बेचक्यांत उरतो. आमच्या नाण्यावर नेमकं उलट होतं: गाल पांढरा, खाचा तपकिरी. असं बोटाने काही चोळल्यावर होतं आणि ते 'काही' बहुतेक वेळा पारा असतो. मुलाने आजीला फोन लावला. आजोबांनी शाळकरी वयात फुटक्या तापमापीतला पारा नाण्यावर चोळला होता! पाऱ्याची शंका आली तर सोन्याची अंगठी आधी काढून ठेवा, पारा सोन्याला लगेच धरतो. नाणं तापवू नका, हात साबणाने धुवा.

पांढरा डाग गोळ्यासारखा, नक्षी बुजवणारा असेल तर तो डाख, म्हणजे धातू जोडायचं झाळकाम, समजा. त्या नाण्याचं कधीतरी पदक केलेलं असणार. कडेवर कडी बसवल्याची खूण शोधा.

हिरवा रंग सर्वांत जास्त फसवतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ज्याने ताक कळकतं तो कळंक आणि नाण्यावरचे हिरवे थर एकाच गोत्रातले, पण सगळे सारखे घातक नसतात. बांबूची दातकोरणी घ्या, सुई नको. हळूच टोचून पाहा.

कडक, गुळगुळीत, गडद हिरवा थर हलत नसेल तर तो जमिनीत किंवा दमट कोनाड्यात वर्षानुवर्षं बसलेला आहे. राहू द्या.

मऊ, चिकट, जिथे प्लास्टिक टेकलं तिथेच असेल तर दोष पाकिटाचा. नव्या रेनकोटसारखा वास येणारी लवचिक पीव्हीसी पाकिटं हळूहळू तांबं खातात. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायचं द्रव नव्हे) काचेच्या वाटीत दहा मिनिटं बुडवा. गॅस, निरांजन दूर, खिडकी उघडी. चोळू नका, निथळू द्या.

फिकट हिरवी पिठूळ पुटकुळी असेल आणि पीठ झटकल्यावर खाली खड्डा दिसला तर मात्र सावध व्हा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत किंवा घामामिठाच्या संपर्कात राहिलेल्या नाण्यांत क्लोराइड शिरलेलं असतं. ओलावा मिळाला की ते पुन्हा पुन्हा धातू पोखरतं. पीठ मऊ ब्रशने झटका, नाणं पांढऱ्या कागदावर चार दिवस ठेवा. नवं पीठ पडलं तर रोग जिवंत आहे. ते नाणं वेगळ्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवा आणि धातुसंवर्धकाला दाखवा. घरगुती इलाज इथे करू नका.

निळा, जांभळा, इंद्रधनुषी. ऑक्साइडचा अगदी पातळ थर उजेड असा फोडतो, पाण्यावरच्या तेलासारखा. जुन्या नाण्यावर हे रंग कडेकडून आत हळूहळू विरत जातात. सगळीकडे एकसारखी जांभळी झाक, खाली गुलाबी तांबं आणि भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे, हे तिन्ही दिसले तर कुणीतरी आधी घासून मग रसायनाने किंवा गॅसच्या आचेवर रंगवलं आहे. विकणारा अशा रंगाचे जादा पैसे मागत असेल तर माझं ऐका, देऊ नका.

लाकडाच्या रेषांसारखे एकाच दिशेचे पट्टे, तेही दोन्ही बाजूंना आणि नक्षीखालून जाणारे, हे मात्र मूळचेच. धातूचा रस नीट मिसळला नाही की पत्र्यात असे पट्टे उतरतात. ते मला तर आवडतात.

देवघरातल्या शिवराईचं काय? ती दरवर्षी पंचामृतात न्हाते, चिंचेने उजळते, गंधाचे थर बेचक्यांत साठतात. तिथे किमतीचा विचार मी करत नाही. फक्त पूजेनंतर साध्या पाण्यातून काढून, टिपून, कोरडी करून ठेवावी.

शेजाऱ्याचा पाव आणा त्याच्या कपाटात आहे, पीव्हीसी नसलेल्या झिपच्या पाकिटात. वर पेनाने लिहिलंय : 'पारा. हात लावू नये. आजोबा.'