उन्हाळ्यात कापूस-सिलिका एरोजेल करायचं, तर आधी काय मांडून ठेवाल

एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढूनही सांगाडा न कोसळलेला, सच्छिद्र आणि अगदी हलका पदार्थ; इथे कापसाच्या जाळीत सिलिका (वाळूतला मुख्य घटक) भरायची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि एरोजेलचं नाजूक काम सगळं थंडाव्यात होतं. म्हणून पहिली तयारी बर्फाची. ३ भाग कुटलेल्या बर्फात १ भाग जाडं मीठ मिसळलं की −१२ अंश सहज मिळतात, मग वीज गेली तरी काम अडत नाही.

जिनिंगमधला कापूस पातळ कॉस्टिक सोड्यात (सोडियम हायड्रॉक्साइड) उकळून त्यातलं मेण काढा, मग सौम्य आम्लात गरम करून सेल्युलोजच्या, म्हणजे कापसाच्या मूळ पदार्थाच्या, साखळ्या थोड्या तोडा. न तोडलेला कापूस नुसता फुगतो. फार तोडला तर जेल बोटात चुरतं. ७ ग्रॅम कॉस्टिक, १२ ग्रॅम युरिया आणि ८१ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी −१२ अंशांवर आणा, त्यात ४ ग्रॅम कापूस टाकून जोरात घोटा. शेतीचा युरिया नको, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. द्रावण तापलं की आपोआप घट्ट होतं, म्हणून काचेचा ट्रे आणि इथेनॉल हाताशी असल्याशिवाय घोटायला घेऊ नका. ३ मिलिमीटर जाड थर ओता आणि ट्रे इथेनॉलमध्ये बुडवा.

आता धुणं, आणि इथे घाई नकोच. जेलमध्ये कॉस्टिक उरलं तर सिलिका बाहेरच गोठते: वरून पांढरी पापडी, आत पोकळ. लिटमस बदलेनासा होईपर्यंत पाणी बदला. मग ५०, ७५ आणि दोनदा १०० टक्के इथेनॉल, प्रत्येकी १२ तास.

सिलिकासाठी २० मिलिलिटर टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यातून सिलिका तयार होते), ४० मिलिलिटर इथेनॉल, ६.५ मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर ऑक्झॅलिक आम्ल रात्रभर ढवळा. जेल त्यात दिवसभर मुरू द्या आणि मगच अमोनिया मिसळलेल्या इथेनॉलमध्ये हलवा. अमोनियाची बाटली गार केल्याशिवाय उघडू नका, उन्हाळ्यात आत दाब साचतो. इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या पुढे ठिणगीने पेटते, तेव्हा खोलीत शेगडी नको.

वाळवण्याआधी शुद्ध इथेनॉलने पुन्हा धुवा. वाळवताना दाबाच्या पात्रात इथेनॉलची जागा द्रव कार्बन डायऑक्साइड घेतो. पाणी द्रव कार्बन डायऑक्साइडमध्ये जवळजवळ मिसळत नाही. ते राहिलं तर तुकडा आक्रसतो. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवच राहत नाही, म्हणून इथेनॉल काढताना पात्राला चिलर लागतोच. इथेनॉल निघाल्यावर पात्र ४० अंश आणि १०० बार दाबावर न्या. दाब मिनिटाला १ बारपेक्षा सावकाश सोडा आणि तोवर पात्र ३१ अंशांखाली जाऊ देऊ नका.