उन्हाळ्यात घरच्यांना आणि कुत्र्यांना घेऊन पवनेच्या काठी दोन दिवस कसे घालवायचे

आमच्याकडे जिप्सी आहे, सात वर्षांची लॅब (लॅब्राडोर) कुत्री, आणि बंड्या, आपला गावठी, सोसायटीच्या गेटवर पिल्लू असताना सापडलेला. मुलांच्या परीक्षा संपल्या की आम्ही सगळे, म्हणजे आई, आम्ही दोघं, दोन मुलं आणि ही दोघं, पवना डॅमच्या काठी दोन दिवस जाऊन राहतो. पहिल्या वर्षी आम्ही भर दुपारी बाराला पोचलो आणि तसेच थेट पाण्याकडे निघालो, तेव्हा पायऱ्यांच्या सिमेंटवर बंड्या एकेक पाय उचलत उभा राहिला, धाकट्याला वाटलं तो नाचतोय, पण त्याचे तळवे भाजत होते. पुढचे दोन दिवस तो लंगडत होता. तेव्हापासून आम्ही कुत्र्यांच्या वेळेप्रमाणे दिवस आखतो, आणि गंमत म्हणजे त्यातच माणसांनाही सगळ्यात जास्त आराम मिळतो.

पहिलं: जागा बघताना फोनवर नीट विचारा

पुण्याहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने कामशेत, तिथून पवनानगर. काठाने ठाकूरसई, आंबेगाव या बाजूला टेंट आणि फार्महाऊस भरपूर आहेत. मे महिन्यात टेंट घेऊ नका, दुपारी आत बसवत नाही, झाडं असलेली पक्की खोली घ्या. आणि "पेट फ्रेंडली" एवढ्यावर थांबू नका. कुत्री खोलीत झोपू शकतात का, कंपाउंड पूर्ण बंद आहे का, त्यांचं स्वतःचं कुत्रं मोकळं असतं का, रात्री डीजे असतो का, हे चारही विचारा. एका ठिकाणी आम्हाला पोचल्यावर सांगितलं की कुत्री बाहेर बांधावी लागतील, आईला इतका राग आला की आम्ही सामान न उतरवताच परत फिरलो.

दुसरं: निघायच्या आधी दोन आठवडे

रेबीजचं वर्षाचं इंजेक्शन झालंय का बघा, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस विसरू नका, कारण साचलेल्या पाण्यात आणि चिखलात गुराढोरांचं, उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि लेप्टो त्यातूनच येतो, माणसांनाही होतो. गोचिडांची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच द्या. जवळचा प्राण्यांचा डॉक्टर कोण, त्याचा नंबर घरूनच फोनमध्ये घालून ठेवा, तिथे कधी कधी रेंज जाते.

तिसरं: पहाटे निघा

साडेपाचला गाडी निघाली पाहिजे. कुत्र्यांना निघायच्या आधी पोटभर खायला देऊ नका, उलटी होते. वाटेत वडापाव खायला थांबलात तर एक माणूस एसी चालू ठेवून गाडीत थांबेल किंवा कुत्री खाली उतरतील, तिसरा पर्याय नाही. काच थोडी उघडी ठेवली की चालतं असं लोकांना वाटतं, पण बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत भट्टी होते आणि बोटभर फटीने काही फरक पडत नाही.

चौथं: पाण्यात उतरायचं ते सकाळी सात ते साडेनऊ

हे नीट वाचा. उन्हाळ्यात पवनेचं पाणी खूप मागे हटतं, एरवी बुडालेलं जुनं वाघेश्वराचं देऊळसुद्धा उघडं पडतं. मग काठ म्हणजे वरून सुकलेला आणि खाली मऊ गाळ असतो, आणि चार पावलं उथळ वाटलं की पाचव्या पावलाला खोल. इथे दरवर्षी माणसं बुडतात, चांगलं पोहणारीसुद्धा. म्हणून आमच्याकडे माणसं फक्त पावलं भिजवतात, मुलांनाही घोट्याच्या वर पाणी नाही, आणि मनाईचा बोर्ड असेल तिथे तेवढंही नाही. कुत्र्यांना पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट आणि दहा मीटरची लांब दोरी. कुत्रं अडकलं म्हणून त्याच्या मागे उडी मारायची नाही, दोरी ओढायची, हे मुलांकडून घरीच दोनतीनदा वदवून घ्या.

उतरायच्या आधी मोठ्यांपैकी एकाने काठ चालून बघायचा. फुटक्या बाटल्या, मासेमारीची जाळी, गळाचे आकडे. जिप्सीचा पाय एकदा जाळ्यात अडकला होता, ती ओरडली नाही, फक्त जागच्या जागी थांबून आमच्याकडे बघत राहिली. पाण्यावर हिरवा रंगासारखा तवंग दिसला तर त्या जागी कुत्र्याला उतरवूच नका, काही शेवाळं विषारी असतं.

बॉल टाकत राहायचा मोह होतो पण दहा मिनिटं खेळ की दहा मिनिटं सावली. लॅब स्वतःहून थांबत नाही, आणि बॉल पकडताना तोंडातून पाणी पोटात जात राहतं, ते खूप झालं तरी जिवावर बेततं. आणि हो, कुत्र्यांना तिथे शाम्पू लावू नका, पिंपरी-चिंचवडला हेच पाणी प्यायला जातं. शीसुद्धा पिशवीत उचलायची.

पाचवं: दहा ते पाच काही करायचं नाही

खरंच काही नाही. आंब्याच्या नाहीतर जांभळाच्या झाडाखाली सतरंजी, समोर तुंग आणि तिकोना हे किल्ले उन्हात पुसट झालेले, आई गाडीतून आणलेल्या करवंदांचा पाला निवडत बसते, मुलं पत्ते खेळतात, आणि बंड्या ओल्या मातीत स्वतःपुरता खड्डा उकरून त्यात पोट टेकवून झोपतो. त्याला खड्डा उकरू द्या, खालची माती गार असते.

जेवायला पिठलं-भाकरी सांगून ठेवतो. कुत्र्यांना दहीभात, बिया काढलेलं कलिंगड. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, आणि आंब्याची कोय तर लांबच ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनच करावं लागतं.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही, त्यांना मे महिन्यात आणूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. नॉर्मल ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, १०४ च्या वर गेला की धोका. जीभ लालभडक, लाळ चिकट, चालताना तोल जातोय असं दिसलं की लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. शुद्धीत असेल तरच पाणी पाजा. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरकडे न्याच, आतलं नुकसान नंतर कळतं.

सहावं: संध्याकाळ

निघायच्या आधी हाताची पालथी बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवा, टेकवता आली तर कुत्रीही चालतील. लीश काढू नका, त्याच वेळी गुरं घरी परतत असतात आणि वाड्यांवरची कुत्री आपापली हद्द राखतात. सूर्य कलला की पाण्यावरून गार वारा येतो, आई तेव्हा चप्पल काढून काठावर बसते आणि जिप्सी तिच्या पायांवर डोकं ठेवते, मी हे एवढ्याचसाठी वर्षभर वाट बघते.

सातवं: झोपायच्या आधी

कान आतून कोरडे करा, लॅबला ओल्या कानांनी हमखास इन्फेक्शन होतं. मग टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्यात, कानामागे, शेपटीखाली गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल नको, काडी पेटवून चटका तर मुळीच नको. घरी आल्यावर दोनतीन आठवड्यांत कुत्रं खाईनासं झालं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा ताप आला, तर डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा की आम्ही धरणावर जाऊन आलोय, म्हणजे ते गोचीडतापासाठी रक्त लगेच तपासतील.