रंगीत ई-रीडर घेतलाय? मग या चुका टाळा

"स्क्रीन मळकट आलीये, बदलून मिळेल का?" नवा रंगीत ई-रीडर घेतला की लोकांचा पहिला फोन हाच येतो. नाही मिळणार, ती तशीच असते. कॅलिडो ३ नावाच्या या रंगीत पडद्यात खाली नेहमीचाच काळा-पांढरा ई-इंक, म्हणजे काळे-पांढरे कण हलवून अक्षरं उमटवणारा थर असतो आणि त्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांची बारीक जाळी. उजेड जाळीतून आत जातो, त्याच जाळीतून परत येतो आणि दोन्ही खेपांना थोडा गिळला जातो. म्हणून पांढरं पान राखाडी दिसतं. मोबाइलशेजारी ठेवून नाकं मुरडू नका; तिथे दीड कोटीहून जास्त रंग, इथे ४०९६. खिडकीपाशी नेऊन बघा, मग बोला.

वर मॅट स्क्रीनगार्ड लावू नका. आधीच अंधार, त्यात आणखी एक पडदा कशाला?

आता माझी दुखरी नस: स्कॅन केलेले जुने अंक. मामांचे दिवाळी अंक मी हौसेने रीडरवर चढवले. अक्षरं फुटलेली, अनुस्वार गायब. दोन संध्याकाळी कॉन्ट्रास्ट वरखाली केला, शेवटी फॅक्टरी रीसेटही मारला. काही फरक नाही. मग वैतागून भिंग धरलं, तर अक्षरांभोवती रंगीत ठिपक्यांची रांगोळी. दोष पिवळ्या पडलेल्या कागदाचा! या पडद्यावर काळा मजकूर ३०० पीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी) उमटतो, रंग मात्र १५० नेच. रीडर बिचारा कागदाचा पिवळेपणा रंगवत बसला होता आणि त्यात मात्रा-वेलांट्या खपल्या. तेव्हापासून मी मुखपृष्ठ तेवढं रंगीत ठेवतो, आतली पानं ग्रेस्केल (नुसत्या काळ्या-करड्या छटांची) करून पार्श्वभूमी पांढरी करतो. आणि आधी दोनच पानं चढवून बघतो. सहाशे पानं एकदम ढकलून मग रडत येणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.

मागच्या चित्राचं भूत पानावर रेंगाळतं? पूर्ण रीफ्रेश, म्हणजे अख्खा पडदा पुसून पान नव्याने उमटवणं, बंद करून ठेवला असेल. "पान लखलखतं, डोळ्यांना त्रास होतो" म्हणून लोक तो बंद करतात. मी कादंबरीला प्रकरणागणिक ठेवतो, कॉमिक्सला पानागणिक.

बॅटरी लवकर उतरते? स्थिर चित्र धरून ठेवायला ई-इंकला वीज लागत नाही. ती खातो समोरचा दिवा. दुपारी फुल्ल दिवा आणि दिवसभर वायफाय चालू ठेवून कंपनीला शिव्या घालू नका.

दप्तरात डब्याखाली ठेवू नका. आत बहुधा पातळ काच असते.

"जाळीच नको, गॅलरी ३ घेतो" (हा ई-इंकचाच दुसरा रंगीत पडदा) म्हणणाऱ्यांनी आधी आपला स्वभाव तपासावा. त्यात प्रत्येक ठिकाणी निळसर, किरमिजी, पिवळे आणि पांढरे कण स्वतः हलून रंग जुळवतात, म्हणून रंगही ३०० पीपीआयने उमटतो. पण सर्वात चांगल्या रंगाला दीड सेकंद लागतो. भाच्याने पहिल्याच दिवशी तेवढ्यात तीन टिचक्या मारल्या. तीन पानं पुढे गेला आणि मागे यायला पुन्हा तीन टिचक्या.