मॅक्सिमावर बहुचल कलन शिकताना

निफाडहून रोज सकाळच्या एसटीने नाशिकला येऊन मी बी.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षी गणिताच्या प्रात्यक्षिकाला मॅक्सिमा या बीजगणित आणि कलनाची उदाहरणे सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरशी माझी ओळख झाली आणि पहिल्याच महिन्यात मी एका उदाहरणाचे चुकीचे उत्तर पूर्ण खात्रीने वहीत उतरवले. क्ष आणि य यांच्या गुणाकाराला त्यांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे आणि दोन्ही चल शून्याकडे जात असताना लिमिट काढायचे, असे ते उदाहरण होते. मी आधी क्ष शून्याकडे नेला, मग य. उत्तर शून्य आले. क्रम उलटा केला, तरीही शून्यच आले. मी लिमिट शून्य असे लिहून टाकले. आमच्या मॅडमनी वही पाहून एवढेच विचारले, "अगं, य बरोबर क्ष या रेषेवरून येऊन पाहिलंस का?" त्या रेषेवर, आरंभबिंदू सोडला तर, या अपूर्णांकाची किंमत सगळीकडे एक द्वितीयांश असते. म्हणजे लिमिट अस्तित्वातच नव्हते.

मॅक्सिमाने दिलेली दोन्ही उत्तरे बरोबर होती. लिमिटची आज्ञा एका वेळी एकाच चलाचा विचार करते. मी एका चलाचे दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे संपूर्ण प्रतलाला लागू केली. प्रतलावर एखाद्या बिंदूकडे येणाऱ्या वाटा अगणित असतात आणि त्यांपैकी कोणती तपासायची हे आपल्यालाच सुचावे लागते. केवळ सरळ रेषा तपासूनही भागत नाही. क्षच्या वर्गाला यने गुणून त्याला क्षचा चतुर्थ घात अधिक यचा वर्ग यांनी भागले, तर आरंभबिंदूकडे जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर लिमिट शून्य येते, पण य बरोबर क्षचा वर्ग या परवलयावरून गेल्यास एक द्वितीयांश येते. नव्याने शिकणाऱ्याने ही दोन उदाहरणे सर्वांत आधी स्वतः करून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

मॅक्सिमा मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. त्याचे मूळ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रकल्पात आहे. टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ साली मृत्यू येईपर्यंत त्याची एक आवृत्ती सांभाळली, आणि १९९८ मध्ये ती खुली करण्याची परवानगी मिळवली. आज आपल्याला एक रुपयाही न देता हे साधन मिळते, ते त्यांच्या या चिकाटीमुळे.

टंकलेखनातील काही चुका मात्र सुरुवातीलाच माहीत असाव्यात, कारण त्या चुकांवर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. क्ष आणि य ही अक्षरे गुणाकाराची चांदणी न देता जोडून लिहिली, तर मॅक्सिमा त्यांना एकाच नव्या चलाचे नाव समजते आणि त्याचे क्षच्या संदर्भातील आंशिक विकलज शून्य असल्याचे शांतपणे सांगते. ई या स्थिरांकाआधी आणि पायच्या आधी टक्क्याचे चिन्ह लागते. ते विसरल्यास ई हे एखादे साधे अज्ञात अक्षर ठरते. बरोबरचे चिन्ह समीकरणासाठी राखलेले आहे, चलाला किंमत देण्यासाठी विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह वापरायचे. कधी कधी मॅक्सिमा उलट आपल्यालाच विचारते की अमुक राशी धन आहे, ऋण आहे की शून्य. या प्रश्नाला नवखे विद्यार्थी घाबरतात, पण तो फार मोलाचा असतो. आपण गृहीत धरलेली आणि कागदावर न लिहिलेली अट त्यातून उघडी पडते.

दुहेरी संकलनात माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो तिथेच जायला हवा. ईचा यवर्ग हा घात घ्या. त्याचे यच्या संदर्भात क्षपासून १ पर्यंत आणि नंतर क्षच्या संदर्भात ० ते १ असे संकलन करायचे आहे. आज्ञा तशीच दिली, तर आतल्या संकलनाच्या उत्तरात एरर फंक्शन नावाचे एक खास फल आणि काल्पनिक एकक, म्हणजे वजा एकचे वर्गमूळ, दिसू लागते. वास्तव संख्यांच्या उदाहरणात हे कुठून आले, म्हणून विद्यार्थी गोंधळतो. अशा वेळी संगणकापासून हात काढून पेन्सिल घ्यावी. क्षेत्राची आकृती काढली की दिसते की तो (०, ०), (०, १) आणि (१, १) या शिरोबिंदूंचा त्रिकोण आहे. तोच त्रिकोण आडव्या पट्ट्यांनी भरला, तर क्ष हा ० पासून यपर्यंत आणि य हा ० ते १ असा जातो. आतले संकलन नुसता यने गुणाकार देते आणि बाहेरचे संकलन आदेशाने सहज सुटते. उत्तर (ई वजा १) भागिले २, म्हणजे सुमारे ०.८५९१. त्यानंतर मूळ क्रमातील संकलन संख्यात्मक पद्धतीने काढून हाच आकडा येतो का, ते पाहावे. सीमा उलटवताना चूक झाली असेल, तर ती इथे पकडली जाते.

दिलेली अट पाळून सर्वांत लहान किंवा मोठी किंमत शोधण्याची लग्रांजची गुणक पद्धत मला समजली ती पिंपळगाव बसवंतला मामांच्या द्राक्षबागेत. तिथे रचलेले क्रेट पाहून मी स्वतःसाठी उदाहरण तयार केले: झाकण नसलेल्या, ३२ लिटर मावणाऱ्या क्रेटला कमीत कमी पत्रा किती लागेल? मापे डेसिमीटरमध्ये धरली की एक घन डेसिमीटर म्हणजे एक लिटर. लांबी, रुंदी, उंची आणि या पद्धतीतला गुणक अशा चार अज्ञातांची चार समीकरणे मांडून सोडवायला दिली, तर तीन उत्तरे येतात. त्यांतील दोन काल्पनिक संख्यांची असल्याने सोडून द्यायची. उरते ते लांबी ४, रुंदी ४, उंची २ आणि पत्रा ४८ चौरस डेसिमीटर. मी मोठ्या उत्साहाने मामांना सांगितले. ते म्हणाले, "अगं, चौरस क्रेट उचलायला अवघड, आणि गाडीत नीट बसायलाही हवा ना." खरे क्रेट लांबट का असतात, हे मला तेव्हा कळले. त्या अटी मी समीकरणात घातल्याच नव्हत्या.

त्या उत्तरात गुणकाची किंमत १ आली होती. कित्येक दिवस मी तिच्याकडे केवळ मधली पायरी म्हणून पाहत होते. पुढे एकदा वाचताना लक्षात आले की क्षमता एका लिटरने वाढवली, तर पत्रा साधारण किती वाढेल, हे ती संख्या सांगते. त्याच रात्री ३२ च्या जागी ३३ घालून पुन्हा सोडवले. पत्रा ४८.९९ चौरस डेसिमीटर आला.