घरच्या जुन्या मारुती ८०० वर मुलांना गाडी कशी शिकवायची

घरात अजून मारुती ८०० उभी असेल आणि मुलगा किंवा मुलगी अठराची झाली असेल, तर ती गाडी विकायच्या आधी त्यांना तिच्यावर शिकवून घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतेय. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली ८०० गिऱ्हाईकाच्या हातात पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडे कितीतरी घरांत पहिली चारचाकी हीच आली आणि अख्खं घर एकामागून एक तिच्यावरच शिकलं. आमच्या घरी बाबा फियाटवर शिकले, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. काका जीपवर. आणि मी काकांच्या शेजारी बसून पांढऱ्या ८०० वर शिकले, आता भाचीला त्याच जातीच्या गाडीवर शिकवतेय.

ही गाडी शिकायला इतकी चांगली का, तर ती काहीच लपवत नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, वजन साधारण साडेसहाशे किलो, लांबी साडेतीन मीटरपेक्षाही कमी, पॉवर स्टेअरिंग नाही, आरपीएमचा काटा नाही. क्लच चुकीचा सुटला की लगेच गचका, गिअर चुकीचा असला की इंजिन कण्हायला लागतं, म्हणजे शिकणाऱ्याला काय चुकलं ते गाडीच सांगते. नवीन गाड्यांमध्ये बाहेरचा आवाजच आत येत नाही आणि कॉम्प्युटर बऱ्याच चुका परस्पर सांभाळून घेतो.

पण आधी कागदपत्रं. लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय मोकळ्या मैदानावरसुद्धा स्टिअरिंग देऊ नका, कारण लोकांना जायला-यायला मुभा असलेली कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिकच धरतात. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्यासाठी तीस दिवसांनंतर टेस्ट देता येते. शेजारी बसणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, मागच्या सीटवर मोबाईल बघत बसून चालत नाही. पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल लावा. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर आरसी रिन्यू केलीय का, ग्रीन टॅक्स भरलाय का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का हे बघून घ्या, बऱ्याच घरांत गाडी नुसती उभी असते आणि कागद कधीच संपलेले असतात.

मग गाडी मेकॅनिककडे न्या. बरेच दिवस उभी असलेली गाडी थेट शिकायला काढायची नाही. टायरला नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं, रबर वयानं कडक होतं आणि बाजूला बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून वय कळतं. ब्रेक ऑइल बदला, हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते बघा. क्लचची केबल नीट लावून घ्या, कारण पेडल अगदी वरती येऊन पकडत असेल किंवा अगदी तळाशी पकडत असेल तर नवशिक्याच्या पायाला काहीच कळत नाही. आणि आयडलिंग, हे मुद्दाम सांगून लावून घ्या, इंजिन जागेवर उभं असताना फडफड न करता एकसारखं चाललं पाहिजे, पुढचा सगळा पहिला धडा त्याच्यावरच आहे. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी असेल तर चोक (थंड इंजिन चालू करताना ओढायची खुंटी) कसा ओढायचा आणि इंजिन गरम झालं की हळूहळू आत कसा ढकलायचा तेही मुलांना दाखवा, नाहीतर चोक ओढलेला राहतो, इंजिन जोरात पळत राहतं आणि शिकणारा घाबरतो. बऱ्याच जुन्या ८०० ना डावा आरसाच नव्हता, तो बसवून घ्या, खर्च फार नाही.

जागा म्हणाल तर सपाट पाहिजे आणि माणसं कमी पाहिजेत. शाळेच्या मैदानाची परवानगी मिळाली तर उत्तम, पण क्रिकेटची मुलं यायच्या आत सकाळी. एमआयडीसीतले रस्ते सुट्टीच्या दिवशी छान मोकळे असतात, पिंपरी-चिंचवड भोसरीकडे ती सुट्टी गुरुवारी असते, तुमच्याकडे कधी ते विचारून घ्या. आणि पहिल्या दिवसांत गाडीत दोघंच. आजी, धाकटा भाऊ, मावशी असे सगळे मागे बसले की प्रत्येकजण सूचना देतो आणि पोरगी कुणाचं ऐकू या गोंधळात ब्रेकऐवजी भलतंच दाबते.

बसण्याकडे लोक लक्षच देत नाहीत. क्लच तळापर्यंत दाबल्यावरसुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, सीट त्या हिशोबाने पुढे-मागे करा. उंची कमी असेल तर उशी पाठीमागे पण लावावी लागते, नुसती खाली घेऊन पाय पोचत नाहीत. स्लिपर नकोत, पायातून सटकून पेडलखाली जातात. ओढणी असेल तर बांधून घ्यायची. बेल्ट पहिल्या दिवसापासून, मैदानात असलो तरी.

आता मुख्य गोष्ट, क्लच. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्याच्या पायाखाली पण क्लच आणि ब्रेक असतो आणि मी ज्या स्कूलला थोडे दिवस जात होते तिथे सर स्वतःच क्लच सांभाळायचे, आम्ही नुसतं स्टिअरिंग धरायचो आणि वाटायचं आलं की आपल्याला. घरच्या गाडीत तसं होत नाही हा मोठा फायदा. पहिल्या दिवशी अॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबायचा, गिअर टाकायचे, खाली न बघता, नॉबवरचा नकाशा एकदा बघून घेतला की नंतर नजर समोरच. हे हाताला बसलं की इंजिन चालू करून पहिला गिअर आणि क्लच इतका हळू सोडायचा की पाय जवळजवळ हललाच नाही असं वाटावं. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं, सीटमधून बारीक थरथर जाणवते. तिथे पाय थांबवायचा. आत काय होतंय तेही सांगा, इंजिनची फिरती चकती आणि गिअरबॉक्सकडची क्लचप्लेट आत्ता कुठे एकमेकींना घासून पकडायला लागल्यात, तुझ्या पायाने तू त्यांना जवळ आणतेयस. हे कळलं की मुलं क्लच फटकन सोडत नाहीत. पाय तिथेच धरला की ८०० अॅक्सिलरेटर न देता हळूहळू चालायला लागते आणि मग पाय अलगद पूर्ण सोडायचा. परत क्लच, ब्रेक, थांब. परत. हा एवढाच धडा पहिले काही दिवस, कितीही कंटाळा आला तरी.

भाचीला मी डोळे मिटून (गाडी हँडब्रेकवर, पाय ब्रेकवर) ती जागा शोधायला लावली होती. दोनचारदा इंजिन बंद पडलं, मग एकदा तिने मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं, आत्या आत्ता आवाज बदलला. तिथून पुढे तिची गाडी गचके खायची बंद झाली.

शेजारी बसणाऱ्याने काय करायचं हेही तितकंच महत्त्वाचं आहे. ८०० चा हँडब्रेक दोन सीटच्या मधे आहे, हात त्याच्याजवळ ठेवा पण सारखा ओढू नका. शब्द ठरवून घ्या आणि तेच वापरा. आमच्याकडे "थांब" म्हणजे क्लच आणि ब्रेक दोन्ही, "सोड" म्हणजे अॅक्सिलरेटर सोड, बस. "अगं अगं अगं" याने काहीच कळत नाही. काका एकदाही ओरडले नाहीत, गाडी बंद पडली की खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायचे, कर चालू, आणि मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे म्हणायचे. मला जे काही येतं ते त्या स्वभावामुळे येतं असं मला खरंच वाटतं. ज्यांना राग आवरत नाही त्यांनी शिकवायचं काम दुसऱ्याला द्यावं, नवरा-बायकोनी तर एकमेकांना शिकवताना दहादा विचार करावा.

गिअर बदलणं कानाने शिकवा. इंजिन ओरडायला लागलं की वरचा, गुरगुरून गाडी थरथरायला लागली की खालचा. किती स्पीडला कुठला गिअर हे पाठ करून घेऊ नका, कारण चार माणसं बसली की किंवा चढ लागला की ते आकडे बदलतात. थांबताना वेगात असतानाच आधी क्लच दाबायची सवय लागू देऊ नका, आधी ब्रेक, गाडी हळू झाली आणि इंजिन धडपडायला लागलं की मग क्लच, कारण गिअरमध्ये असताना इंजिनपण गाडीला रोखून धरतं.

गाडीचा अंदाज यायला वेळ लागतो. ८०० ची रुंदी १४४० मिलिमीटर आहे, मैदानात दोन रिकामे कॅन त्याच्यापेक्षा थोडे जास्त अंतरावर ठेवा आणि मधून न्यायला लावा, आधी पुढून मग रिव्हर्स. रिव्हर्सला मान वळवून मागच्या काचेतून बघायचं, नुसत्या आरशावर नाही. पॉवर स्टेअरिंग नसल्यामुळे उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना हात भरून येतात, गाडी किंचित सरकती ठेवून फिरवलं की हलकं जातं. आठचा आकडा पण याच मैदानात गिरवून घ्या, टेस्टला लागतो.

मग चढ. आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे यवतेश्वरचा घाट जमला की गाडी आली असं आमच्याकडे मानतात, पण नवशिक्याला थेट घाटात नेऊ नका, सोसायटीच्या गेटचा किंवा छोट्या पुलाचा चढ पुरे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा अॅक्सिलरेटर, क्लच त्या थरथरीच्या जागेपर्यंत वर, गाडीचं मागचं अंग जरा बसल्यासारखं झालं की हँडब्रेक खाली. मागे जात नाही हे एकदा अनुभवलं की मुलांच्या डोक्यातली चढाची भीती जाते. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी चढावर धरून उभं राहायचं नाही, जळका वास आला की क्लचप्लेट झिजतेय. उताराला ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं. पूर्वी पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायची, काहीजण तर इंजिनच बंद करायची पद्धत होती, वडीलधाऱ्यांनी सांगितलं तरी हे शिकवू नका, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापले की धरत नाहीत. आणि अरुंद घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, नुसती रीत नाही.

शिकवणी चालू असताना घरातल्या मोठ्यांना पण विचारा ते कशावर शिकले. बाबांनी भाचीला खिडकीतून हात काढून वळायचं कसं दाखवायचे, थांबायचं कसं दाखवायचे ते करून दाखवलं, फियाटवाल्या पिढीला हे सगळं हातात बसलेलं आहे, आणि इंडिकेटर बंद पडला तर आजही उपयोगी आहे. आजोबांच्या वयाचे कुणी असतील तर डुक्कर फियाट (पद्मिनीच्या आधीच्या जुन्या फियाटचं टोपणनाव) म्हणा, लगेच बोलायला लागतील. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, आता ती स्टिअरिंगवरची गिअरची दांडी कशी टाकायची हे सांगणारी माणसंच उरलीत, तर त्यांना मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, बघता बघता राहून जातं. जीपवाले असतील तर त्यांना पहिल्या गिअरबद्दल विचारा, बऱ्याच जुन्या जीपांना पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर पडताना आतल्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नसायचं, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडतच नसे, नाहीतर दोनदा क्लच मारून आवाज जुळवायला लागायचा. काकांचे कान तिथेच तयार झाले.

पक्कं लायसन्स आलं की लगेच हायवेला सोडू नका. ८०० मध्ये एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही, पत्रा हलका आहे, ती शिकायला आणि गावात फिरवायला. हायवेसाठी घरातल्या नव्या गाडीवर परत थोडे दिवस शेजारी बसा, कारण तिचा क्लच हलका असतो, ब्रेक एकदम लागतो, स्टिअरिंग बोटाने फिरतं आणि ८०० वर शिकलेला माणूस पहिल्यांदा सगळंच जास्त जोरात करतो. रात्रीची आणि पावसातली पहिली फेरीसुद्धा तुमच्यासोबतच होऊ द्या, आणि त्याआधी वायपरची रबरं बदलून घ्या.