पोटाची नोंदवही: 14 दिवस, सहा रकाने

भीतीने पोटात गोळा येतो, अपमान पोटात घालतात, कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. मराठीने मनाचा बराच कारभार पोटाकडे सोपवला आहे. हा संबंध आपल्या शरीरात कसा चालतो ते पाहायचं असेल, तर आठवणीवर विसंबू नका, लिहून ठेवा.

लिहायचं कसं, ते विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी डॉक्टरकडून शिकता येतं. 1822 मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठरापर्यंतचं छिद्र उघडंच राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहायचा. (सेंट मार्टिन गरीब होता, करारान्वये बोमाँटच्या चाकरीत होता, या ज्ञानाची किंमत त्याने मोजली, हे विसरू नये.) बोमाँटने अन्न आणि वेळेसोबत हवामान व रागही टिपला, म्हणूनच रागात पचन बिघडतं हे त्याला दिसलं.

वहीत सहा रकाने आखा: वेळ, काय व किती खाल्लं, जेवणाआधीचा ताण (0 ते 10), त्रास व तो सुरू झाल्याची वेळ, मलाचा प्रकार, झोपेचे तास. ताणाचा आकडा जेवणाआधीच लिहा. पोट दुखायला लागल्यावर लिहिलात, तर सकाळही वाईटच गेली असं वाटू लागतं आणि नोंद बिघडते. 'किती' या रकान्यासाठी चरकसंहितेतलं माप सोयीचं आहे: पोटाचे तीन भाग कल्पावेत, एक घन अन्नाला, एक द्रवाला, एक वात-पित्त-कफाच्या हालचालीला मोकळा. तिसरा भाग उरला की नाही, एवढंच लिहा.

मलासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा, त्यात मलाचे कडक ते पातळ असे 1 ते 7 प्रकार दिलेले असतात. 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या, 3 आणि 4 ठीक, 7 म्हणजे निव्वळ पाणी. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं सामान्यच. मासिक पाळीचे दिवस वेगळे खुणवा, कारण तेव्हा शौच सैल होणं नेहमीचं आहे.

सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या जेवणाला दोष देण्यात. अन्नाला तोंडापासून शेवटापर्यंत जायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. स्वतःचा वेग मोजायला उकडलेले मक्याचे दाणे खा आणि ते मलात कधी दिसतात ते लिहा. जेवताच शौचाची घाई होते ती मात्र त्या अन्नामुळे नव्हे: जठर ताणलं गेलं की मोठं आतडं हलू लागतं.

या 14 दिवसांत एनिमा, जुलाबाची औषधं, 'पोट साफ' करणारे काढे स्वतःहून सुरू करू नका, नाहीतर वहीत औषधाचा परिणाम उतरेल, तुमच्या पोटाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साठलेल्या मळाचं विष रक्तात भिनतं, या समजुतीपायी लंडनचे शल्यविशारद आर्बुथनॉट लेन बद्धकोष्ठावर मोठं आतडंच काढून टाकत. ती कल्पना पुढे टिकली नाही, तिची भीती मात्र अजून विकली जाते. डॉक्टरांनी दिलेली औषधं चालू ठेवा आणि वहीत लिहा.

मलात रक्त, डांबरासारखा काळा मल, विनाकारण घटणारं वजन, ताप किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर वही पूर्ण व्हायची वाट पाहू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

पंधराव्या दिवशी 6 च्या वरचे ताणाचे आकडे लाल करा आणि त्रासाच्या वेळा निळ्या. लालच्या पाठोपाठ काही तासांत निळं वारंवार येत असेल, तर आधी जेवणाची घाई आणि झोप सुधारा, पदार्थ नंतर. आयुर्वेदात ज्याला विषमाग्नी म्हणतात, कधी नीट पचतं कधी नाही, तशा पोटात हे हमखास पाहावं. लाल नसतानाही एकाच पदार्थानंतर निळं येत असेल, तर तो एकच पदार्थ दोन आठवडे बंद ठेवा आणि मग पुन्हा खाऊन पाहा. दोन पदार्थ एकदम सोडलेत, तर दोषी कोण ते कळणार नाही.